काचेवरचा रूपक

टॅबवर संगीत करणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं? फोटो. कानांवर भलेमोठे हेडफोन, डोळे अर्धवट मिटलेले, एक बोट काचेवर टेकलेलं. संगीत काय, नंतरही करता येतं. हा फोटो मी व्हॉट्सॲपला लावला तेव्हा टॅबमध्ये माझा एकही सूर साठवलेला नव्हता. तरी 'सध्या नवीन काय?' अशी विचारणा सुरू झाली आणि 'एका कामावर आहे' असं उत्तर मी देऊ लागलो. मोठ्या संगीतकारांच्या मुलाखतींत मी हे वाक्य पुष्कळदा ऐकलं आहे. त्यात काम कुठलं ते सांगावं लागत नाही.

निमित्त झालं डेमन अल्बर्नचं. गोरिलाझ या ब्रिटिश बँडच्या या गृहस्थाने २०१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मुख्यतः आयपॅडवर 'द फॉल' नावाचा अख्खा अल्बम केला आणि त्याच नाताळात लोकांना ऐकवलाही. आयपॅड बाजारात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे वाचून कुठल्याही होतकरू माणसाच्या मनात येईल तेच माझ्या मनात आलं : याला जमतं तर मला का नाही? अल्बर्नने त्याआधी वीसेक वर्षं संगीतच केलं होतं, ही बाब मी जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांत ढकलली. मुद्दा दौऱ्याचा होता. त्याच्याकडे अमेरिका होती, माझ्याकडे सांगली-पुणे एसटी.

खिडकीची सीट धरून मी टॅब मांडीवर घेतला. या यंत्राची एक गंमत आहे. बोट किती जोरात लागलं हे त्या काचेला स्वतःला कळत नाही. म्हणून संगीताचं ॲप आत बसवलेल्या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरला विचारतं, धक्का केवढा बसला? आणि उत्तर येईल तेवढ्या जोरात ड्रम वाजवतं. मी अगदी हलकं बोट टेकवावं आणि नेमकी त्याच क्षणी गाडी स्पीडब्रेकरवरून जावी. त्या दिवशीच्या माझ्या रचनेत जो आवेश आहे तो आष्टा ते पेठनाका या टप्प्यातला आहे. पेठनाक्यानंतर हायवे लागला आणि संगीत एकदम अंतर्मुख झालं. शेजारच्या काकांनी साताऱ्यापर्यंत सहन केलं, मग विचारलं, "गेम आहे का?" मी म्हटलं, "एका कामावर आहे."

घरी आल्यावर लक्षात आलं की गाणं लांबतच नाही. ॲपमध्ये नवं गाणं उघडलं की ते आपोआप चार मात्रांचं, मिनिटाला ११० ठोक्यांचं आणि आठ बारचं असतं. म्हणजे बत्तीस मात्रा, साधारण साडेसतरा सेकंद. तेवढ्यात आटपा, नाहीतर गाडी परत पहिल्यापासून. साडेसतरा सेकंदांत आमच्याकडचा गवई जेमतेम खाकरून होतो. मी आलाप सुरू करायचो आणि षड्जावर स्थिर होतो न होतो तोच माझाच आधीचा आलाप मला येऊन धडकायचा. हे काहीतरी आधुनिक घडतंय असं समजून मी ते बरेच दिवस चालू ठेवलं होतं. शेवटी भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, वरच्या प्लसवर जा आणि सेक्शन ऑटोमॅटिक कर." त्याच्या आवाजात दया होती. हल्लीच्या मुलांना दया लपवता येत नाही.

बाकी सुख विचारू नका. आतला ड्रमर चहा मागत नाही, येताना उशीर करत नाही, 'पट्टी जरा उतरव' म्हणत नाही. ठेका बदलायचा तर पडद्यावर फासा आहे. तो टिचकीसरशी फेकायचा, जे दान पडेल तो ठेका. फाशांवर इतका भरवसा शकुनीनंतर मीच टाकला असेन. रियाजासाठीची तबला-तानपुऱ्याची वेगळी ॲप मिळतात हे मला माहीत होतं. त्यांत हवा तो ताल, हवी ती पट्टी, सगळं शिस्तीत असतं. पण ती गाणं शिकणाऱ्यांसाठी. आणि त्यांच्यासमोर बसलेला माणूस फोटोत विद्यार्थी दिसतो.

पहिला आक्षेप घेतला नानांनी. नाना म्हणजे आमच्या गुरुवारच्या भजनाचे तबलजी, सत्तरी कधीच ओलांडलेले. हातोडी घेऊन तबल्याच्या गठ्ठ्यांवर ते पंधरा-वीस मिनिटं ठाकठोक करतात आणि तोवर कुणालाही तोंडातून सूर काढू देत नाहीत. त्यांनी टॅब उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "लेका, हे विलायती खोकं. याच्यात आपलं गाणं बसायचं नाही."

विलायती खोकं! आणि हे ते कुणाकडे रेलून म्हणाले? पेटीकडे. पेटीचा विषय निघाला की मला कुणीतरी थांबवावं लागतं. इथे कुणी नाही.

ही पेटी कुठली? हार्मोनियम बनवला पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने, १८४० च्या दशकात. तो टेबलासारखा उभा, खुर्चीत बसून पायांनी भाता मारायचा. मिशनऱ्यांबरोबर तो इकडे आला. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याचे पाय काढले, भाता पाठीमागे नेऊन एका हाताला दिला आणि वाजवणाऱ्याला मांडी घालून जमिनीवर बसवला. एवढ्याने तो इतका देशी झाला की आज पेटी फ्रान्सहून आली म्हटलं तर भजनातले निम्मे लोक उठून जातील. आमच्या नाटकवाल्यांनी तर तिला डोक्यावरच घेतलं. गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक. १९११ च्या 'मानापमान'ला संगीत त्यांचं, आणि १९१३ मध्ये बालगंधर्व नि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. खोक्यावर बोटं ठेवणारा माणूस संगीतकार होऊ शकतो याचा याहून मोठा दाखला मला नको आहे.

पण विद्वानांना ती कधी पचली नाही. रवींद्रनाथांना पेटी खपत नसे. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला सरळ बाहेर काढलं ते १९७१ पर्यंत. तीन दशकं! आक्षेप खोटे नव्हते. पेटीला मींड घेता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं तर उडीच मारावी लागते. आणि तिचे बारा सूर सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून ठरवलेले. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ च्या आसपास असतो. चौदा सेंटचा हा फरक ऐकू येणाऱ्याला छळतो, न ऐकू येणाऱ्याला त्याचं काहीच नसतं. मी दुसऱ्या गटात सुखी आहे. गंमत म्हणजे पन्नासच्या दशकात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते. पेटीवर इतकी माया असलेला माणूस, आणि कचेरीत पेटीला बंदी! इकडे गावोगावच्या देवळांत या बंदीची पर्वा कुणाला नव्हती. दर एकादशीला ती तशीच वाजत होती. शास्त्रोक्त माणसं चौदा सेंटवर वाद घालत राहिली आणि चार माणसांना एका सुरात गायला लावणारं स्वस्त यंत्र म्हणून ती घराघरात शिरली. उद्या टॅबचंही असंच होईल, असा माझा मुद्दा होता. मी तो बराच वेळ मांडला. नाना मधेच उठून पाणी पिऊन आले.

आल्यावर एवढंच म्हणाले, "ते सगळं बरोबर. आता त्याच्यावर रूपक लाव."

मी तालाची यादी उघडली. चार-चार, तीन-चार, सहा-आठ. संपली यादी. वर-खाली सरकवून पाहिली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. रूपकाचा सात नाही. दहाही नाही, म्हणजे झपतालही गेला. केरवा बसतो, दादरा बसतो, तीनताल चार-चारच्या चार घरांत कोंबता येतो. रूपकाला जागा नाही.

मला खरंच राग आला. या ॲपमध्ये जपानी कोतो आहे, चिनी दोन तारांचं सारंगीसारखं वाद्य आहे, सुरांच्या यादीत पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या क्लेझमर संगीताची सुरावट आहे. म्हणजे बनवणाऱ्याला जग ठाऊक नाही असं नव्हे. मात्र जगाचे सूर घेतले, वाद्यं घेतली आणि मोजायला सगळ्यांना चार-तीन-सहावर बसवलं. बरं, रूपक नुसता सातचा आकडाही नाही. तीन-दोन-दोन अशी त्याची चाल, आणि सम येते तीच खालीवर. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. जिथे सगळे तबलजी जोर देतात तिथे रूपक हात मोकळा सोडतो. आणि यंत्राचा मेट्रोनोम पहिल्या मात्रेवरच सगळ्यात जोरात आपटतो. सात मात्रा मी खटपट करून मिळवल्या असत्या, पण त्या आपटण्याने त्यांचा रूपक झाला नसता.

माझा भाचा या यंत्रावर उत्तम बीट करतो. माझ्याहून तर कितीतरी. त्याचं एकेक काम ऐकताना मी चाट पडतो. पण सगळं चारात. सातचा ताल त्याला आवडत नाही असं नाही, तो त्याच्यासमोर कधी आलाच नाही. आकाशवाणीने पेटीला बंदी घातली तेव्हा निदान सगळ्यांना कळलं, आरडाओरडा झाला, लेख आले. या यादीने रूपकाला बंदी घातलेली नाही, त्याचं नाव फक्त लिहिलेलं नाही. ओरडायचं कुणाच्या नावाने?

नाना मात्र खूश होते. "मी आणतो तबला," म्हणाले.

मग मेट्रोनोम बंद, फासा बंद, टॅबचा माइक चालू. पंधरा-वीस मिनिटं ठाकठोक. बायकोला सांगितलं, तासभर कुकर लावू नकोस. ती म्हणाली, "अहो, मग जेवायला तरी ऑटोमॅटिक करा." नानांच्या कानांवर मी माझे फोटोतले हेडफोन चढवले. ते ब्लूटूथचे. त्यांतून आवाज क्षणभर उशिरा पोचतो हे ॲपने मला बजावलं होतं, पण तारेचे इअरफोन फोटोत उठून दिसत नाहीत. नानांनी दोन आवर्तनं वाजवली आणि थांबले. "हा माझ्या मागून कोण वाजवतोय?" मी म्हटलं, "तुम्हीच." ते म्हणाले, "त्याला सांग, लय सोडतोयस." अखेर भाच्याचे जुने तारेचे इअरफोन शोधले, त्यांना टॅबमध्ये घालायला वेगळा जोड लागतो तो शोधला, आणि नानांनी रूपक वाजवला.

रात्री मी तो पडद्यावर मोठा करून पाहिला. ठोक्यांचे डोंगर आणि यंत्राच्या उभ्या रेघा. यंत्राची गती नानांच्या लयीशी जुळवून घेतल्यावर दिसलं, की प्रत्येक आवर्तनात शेवटचा 'धीं' रेघेच्या केसभर मागे पडतोय. मला वाटलं, वय झालं, बोटं आखडली असणार. पण तो दर वेळी तेवढाच मागे होता. तेवढाच, आणि त्याच जागी. म्हातारपण इतकं नेमकं नसतं. तो मागे होता म्हणून त्यानंतरच्या मोकळ्या समेवर अंग हलत होतं. यंत्राच्या रेघेवर त्याला नेऊन ठेवणं हे माझ्यातल्या संगीतकाराला सुचलंही. पण मला ते जमत नव्हतं, म्हणून वाचला.

पुढच्या गुरुवारी नानांना ऐकवलं. त्यांनी मान हलवली, मग हळूच विचारलं, "हे मी नसताना पण वाजेल?" मी म्हटलं, हो, कधीही. "मग थांब," म्हणाले, "परत लाव. जरा बरं वाजवतो." आणि हातोडी काढली.

गाणं तयार झालं. मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. संगीत, संयोजन, ध्वनिमुद्रण या तिन्हींपुढे माझं नाव घातलं. अंगठे बरेच आले. शब्दांत लिहून आलेल्या प्रतिक्रिया तीन, आणि तिन्हींत एकच प्रश्न : तबला कोण वाजवतंय? दोघांना नानांचा नंबर हवा होता. मी दिलेला नाही. सध्या ते माझ्या कामावर आहेत.

तर अशी ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत आपली पुष्कळ मराठी मुलंमुली आहेत, पुण्यात आहेत, बंगळुरूला आहेत, थेट कॅलिफोर्नियात आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं करा. तालाच्या यादीत सात आणि दहा घाला. आणि पहिली मात्रा मोकळी सोडायचं एक बटण द्या. तपासून घ्यायला माणूस लागला तर नाना गुरुवारी संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे असतात.