न्यूनगंडाचा अनुशेष

जव्हार-मोखाड्याचा अनुशेष भरून निघत नाही, ही ओरड आता पुरे. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून इथे पाहणी दौऱ्यांचा दुष्काळ नाही. २०१४ साली पालघर जिल्हाही झाला. टँकरची वाट अजून बघावी लागते, पण एका बाबतीत इथली पोरं थेट मुंबईच्या बरोबरीला आली आहेत: न्यूनगंड. ना जातीचा दाखला लागतो, ना उत्पन्नाचा; घरपोच मिळतो.

पावसाळ्यात मुंबईकर दाभोशाच्या धबधब्यावर येतात, पोट आत ओढून भिजतात आणि खाली 'शांतता' असं लिहून रील टाकतात. ती शांतता पाड्यावरच्या पोरीपर्यंत येते भावाच्या तडकलेल्या फोनवरून. धबधबा ती बघत नाही, तो तिचा रोजचाच. ती बघते त्या बाईचे केस, गोरे दंड, गॉगल. मग त्याच दगडावर, दोन छटा उजळ होऊन, स्वतःचं रील टाकते. लाइक अकरा. त्यातले दोन भावाचेच, दोन खात्यांवरून.

तिकडे कांदिवलीची पोरगी तारपा नाचाचं रील बघून उसासते, 'काय सुखी आयुष्य!' दिवाळीनंतर हे सुख भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातं, ते तीस सेकंदांत बसत नाही. दोघींनाही रात्री झोप नाही. समता म्हणतात ती हीच असावी.

इन्स्टाग्राम चालवणाऱ्या फेसबुक कंपनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. २०२१ साली तिथल्याच माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकचे आतले कागद बाहेर काढले. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळाच्या आतल्यांची खाती बंद केली. आपल्याकडे कंपनीची तेरा वर्षांची अट आहे, आणि ती काटेकोर पाळली जाते. अख्खी सातवी १ जानेवारी २००० रोजी जन्मलेली आहे.

सरकारही गप्प नाही. मन लागत नसेल तर १४४१६ लावा. टेली-मानस, मोफत, मराठीतही बोलतात. फक्त काही पाड्यांवर रेंज टेकडीवरच मिळते, आणि संध्याकाळी तिथे अर्धा पाडा फोन धरून बसलेला. पोरीने नंबर लावून हळूच 'हॅलो' म्हटलं की मागून मावशी विचारते,

"कोण गं? पोरगा हाय का?"