एक रकाना राहिलाच

अमेरिकेत डॉक्टर व्हायचे दोन रस्ते आहेत, एमडी आणि डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर. औषध लिहायला, शस्त्रक्रिया करायला दोघांनाही सारखीच मुभा. २०२० पासून पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या, जागावाटपालाही (मॅच) दोघं एकाच रांगेत. ट्रम्पसाहेबांना कोविड झाला तेव्हा त्यांचे डॉक्टर शॉन कॉनली होते, ते डीओ. बायडन यांचे केव्हिन ओकॉनर, तेही डीओ. व्हाइट हाउसला चालतं. प्रश्न डोंबिवलीच्या आत्याबाईंचा आहे.

"म्हणजे एमडी नाही का गं मिळालं?" आत्याबाई व्हिडिओ कॉलवर डीओ व्हायला निघालेल्या भाचीला विचारतात आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात सगळे एकदम माना खाली घालतात. या दुखण्यावर कॅलिफोर्नियाने १९६२ साली जालीम औषध काढलं होतं. ६५ डॉलर भरा, डीओ द्या, एमडी घ्या. हजारो डीओंनी ते घेतलंही. डॉक्टर तोच, रोगी तेच, दारावरची पाटी तेवढी नवी. ही योजना आज असती तर आत्याबाईंनी पेन्शनमधून पैसे धाडले असते.

ती सोय गेली, तेव्हा कॉलेज निवडणं आलं. बाबा आयटीतले, त्यामुळे निवड एक्सेलमध्ये. रकाने असे: विमानतळ किती लांब, इंडियन ग्रोसरी किती लांब, बर्फ किती, फी किती, देऊळ आहे का, 'आपलं कोणी' आहे का. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली पहिलं ऑस्टिओपॅथी कॉलेज काढलं ते मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला. ते पहिल्याच फेरीत बाद. "तिथे कढीपत्ता कुठला मिळायला?" हा आईचा निकाल, त्यावर अपील नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एरीचं कॉलेज स्वस्त म्हणून फीच्या रकान्यात वर, बर्फाच्या रकान्यात खाली. फिलाडेल्फियाचं कॉलेज १८९९ चं, शिवाय शनिवारी डबा पोहोचवता येईल, म्हणून ठळक अक्षरात. फ्लोरिडातल्या नोव्हा साउथईस्टर्नच्या कॉलेजला डॉ. किरण पटेल यांचं नाव आहे, एवढ्यानेच आईचा जीव भांड्यात पडतो. बाबा मात्र खिन्न. पटेलांचं नाव कॉलेजवर लागतं आणि आपलं नाव गणेशोत्सवाच्या पावतीवर!

कन्येचं मत विचारायची पद्धत नाही. ती फक्त शिकणार आहे.

काय शिकणार, हेही जरा बघू. एमडीवाल्यांचं सगळं तर शिकायचंच, वर हातांनी करायच्या उपचारांचे सुमारे २०० तास. प्रयोगशाळेत लांबच्या लांब टेबलं मांडलेली. त्यावर एक वर्गमित्र पालथा आणि दुसरा त्याच्या पाठीचे मणके बोटांनी चाचपतोय. अर्ध्या तासाने पालथा उठतो, चाचपणारा पालथा होतो. डीओंची कॉमलेक्स परीक्षा द्यायचीच, पण रेसिडेन्सीवाल्यांना आपण आवडावं म्हणून बरेच जण एमडींची यूएसएमएलईही देतात. अभ्यास साधारण तोच, फी मात्र दोनदा.

वर्गातलं हे शिक्षण दोन वर्षांत उरकतं. ज्या काचेच्या इमारतीपुढे सहकुटुंब फोटो काढला, तिच्याशी संबंध तेवढाच. तिसऱ्या वर्षापासून रुग्णालय, आणि बऱ्याच डीओ कॉलेजांना स्वतःचं रुग्णालयच नसतं. मग मुलं पाठवली जातात जिथे जागा मिळेल तिथे. कोणाला रेसिडेन्ट डॉक्टरांनी गजबजलेलं मोठं रुग्णालय मिळतं, कोणाला दुसऱ्या राज्यातल्या एका डॉक्टरचा दवाखाना. विमानतळ मोजला, देऊळ मोजलं, रुग्णालयाचा रकाना मात्र एक्सेलमध्ये नाही. डॉक्टरकीच्या शिक्षणात रुग्णालय लागेल, हे कोणाच्या डोक्यात येणार म्हणा!

पैशांचा रकाना आहे, पण जुना. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख, इथे थांबतं. बऱ्याच खासगी डीओ कॉलेजांची नुसती फीच वर्षाला त्याहून जास्त आहे. बाकीचे खासगी बँकेकडून घ्यायचे, आणि व्याज बँकेच्या मर्जीने द्यायचं.

तेव्हा पालकहो, अनामत बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, ती भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा. तिसरं-चौथं वर्ष कुठल्या रुग्णालयांत, आणि ती जागा कोण शोधतं? गेल्या काही वर्षांतली मुलं कुठल्या रेसिडेन्सीला लागली? चार वर्षांअखेर डोक्यावर कर्ज किती? आणि हे विचारायचं ते चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना. माहितीपत्रकाला विचारू नका. ते कॉलेजने छापलेलं असतं.