सिलतऱ्याचं वारं

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात वारा कुठला आहे हे कळायला हवामान खातं लागत नाही. स्पंज आयर्नच्या चिमण्यांचा धूर कुठे कलला ते बघायचं. धूर दिसला नाही तर गच्चीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट आहेच. त्यावर पडलेले काजळीचे ठिपके चोळायचे नसतात, झटकायचे असतात. चोळले की ठिपक्याचा ढग होतो आणि घरातलं हवामान बिघडतं. कुठल्या वाऱ्यात दोरी जिन्याच्या आड न्यायची, हे आमच्या सौभाग्यवतींना धुराकडे न बघताही कळतं.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, या धुरात बसून मला शिडाच्या होड्यांचं वेड लागलं ते कमांडर दिलीप दोंद्यांमुळे. नौदलातला हा माणूस 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटाच निघाला आणि पृथ्वीला वळसा घालून मे 2010 मध्ये परत आला. असं करणारा पहिला भारतीय. होडी 56 फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. जायचं पूर्वेला, पण आधी खाली दक्षिणेला उतरायचं, कारण चाळीस अक्षांशापलीकडे पश्चिमेचे दांडगे वारे मिळतात. आमच्याकडे रायपूरला जाताना कुणी आधी बिलासपूरकडे वळला, तर त्याला घरचे डॉक्टरकडे नेतील.

वारा समोरून असेल तर शिडाची होडी सरळ जातच नाही. साधारण 45 अंश डावीकडे, मग तेवढंच उजवीकडे, अशी नागमोडी जाते. दहा मैलांचे चौदा होतात. हे एक वेळ पटतं. पण वारा नेमका पाठीमागून असला तरी शहाणा खलाशी सरळ जात नाही, हे वाचून मी उठून बसलो. सरळ गेलं की होडी दोन्ही बाजूंना लोळते, आणि जरा चूक झाली की शिडाचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला सपकन येतो. वाटेत डोकं असलं तर डोक्यासकट. म्हणून वीस-तीस अंश तिरकं जायचं.

त्यात स्वेल. ही लाट इथल्या वाऱ्याची नव्हेच. कुठल्या तरी दूरच्या वादळाने दोन-तीन दिवसांपूर्वी उठवलेली, लांबच लांब, भलत्याच दिशेने येणारी. मला ती लगेच समजली, कारण आमच्या कारखान्याच्या मुख्य कार्यालयातला राग असाच येतो. वादळ तिकडे परवा झालेलं असतं. इथे आभाळ निरभ्र, चहा नुकताच आलेला, आणि एकाएकी शिफ्टच्या खोलीची जमीन कलते. आडव्या बाजूने स्वेल घेतला तर भांडी, खलाशी सगळं घरंगळतं. तेव्हा सुकाणू थोडं फिरवून तो मागच्या कोपऱ्यावर घ्यायचा. आमचे जुने फोरमन कुठलंही पुस्तक न वाचता हेच करतात: साहेबांसमोर कधी आडवे उभे राहत नाहीत.

एकट्या खलाशाने झोपायचं कधी? त्यासाठी वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू सांभाळणारी विंडव्हेन असते. ती होकायंत्र जुमानत नाही, वाऱ्याशी कोन तेवढा राखते. रात्री वारा फिरला की होडीही फिरते, आणि खलाशी जागा होतो तेव्हा अतिशय शिस्तीत भलतीकडे चाललेला असतो.

हे सगळं मी चहाच्या टपरीवर एका ट्रान्सपोर्टवाल्याला हिशेबासकट सांगितलं. तीस अंश तिरकं गेलं तर अंतर साधारण 15 टक्के वाढतं. पण वेग त्याहून जास्त वाढला, तर लांबच्या रस्त्याने माणूस आधी पोचतो. त्याचे ट्रेलर बिलासपूर रोडवर रोज वजनकाट्याच्या रांगेत उभे असतात, त्यामुळे विषय त्याच्या जिव्हाळ्याचा. त्याने बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं,

“सब ठीक हे भइया, फेर ये 15 परसेंट के बिल ला कोन पास करही?”