मागचं सोडावं कसं? नवशिक्यांसाठी मनमाडची पद्धत

आधी जागा निवडा. मागचं विसरायला माणसं हिमालयात जातात, तिथेच चुकतं. दुसरा उद्योगच नसल्यामुळे तिथे दिवसभर मागचंच आठवतं. त्यापेक्षा मनमाडला या. मुंबई, भुसावळ, दौंड आणि मराठवाडा अशा चारी दिशांना इथून रूळ जातात. फक्त स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पहिल्याच दिवशी बसू नका. ‘पूर्वीचं मनमाड राहिलं नाही राव,’ हे वाक्य कानावर पडलं की तुमचा अभ्यासक्रम बुडाला म्हणून समजा.

बसलातच, तर निदान नीट ऐका. पूर्वीचं मनमाड म्हणजे मीटरगेजचं. मराठवाड्यातून छोटी गाडी यायची आणि इथे संपायची. पुढे मुंबईला जायचं तर ट्रंका, वळकट्या, झोपलेली पोरं घेऊन मोठ्या गाडीत बसायचं. मालाचंही तेच: एका वॅगनमधली पोती हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वॅगनमध्ये. १९९०च्या दशकात रूळ रुंद झाले आणि आता नांदेडहून मुंबईला निघालेला माणूस मनमाड येतं तेव्हा वरच्या बर्थवर घोरत असतो. गाव गजबजलेलं होतं, हे खरं. पण इथे उतरल्याशिवाय कुणाला पुढे जाताच येत नव्हतं, हेही खरं. म्हणून पहिला व्यायाम असा: त्या काळासाठी सुस्कारा सोडायचाच असेल, तर पाठीवर क्विंटलभराचं पोतं घेऊन सोडा. दोन सुस्काऱ्यांत गुण येतो. ज्याची चूल त्या पोत्यांवर पेटत होती, त्याला मात्र हा धडा लागू नाही. त्याने हळहळावं, आपण चहाचे पैसे द्यावेत.

आता सावधगिरीची सूचना, आणि ही पुस्तिकेतली सगळ्यात महत्त्वाची. ‘झालं गेलं विसरा’ असं तुम्हाला कोण सांगतंय, ते आधी बघा. नळाला पाणी कधी येणार, या प्रश्नावर असं उत्तर मिळालं तर अजिबात विसरू नका. वागदर्डी धरण आटलं की इथे पिंपं, टाक्या, हंडे भरून ठेवावे लागतात आणि पाण्याची तारीख घरातल्या वाढदिवसांपेक्षा पक्की लक्षात राहते. ती आठवण नव्हे, चालू तक्रार आहे. कोरोनात बंद पडलेली मनमाडची गोदावरी एक्सप्रेसही त्याच खात्यात टाका. शिवाय ‘थम्सअपच्या बाटलीवरचा अंगठा आमच्या हडबीच्या शेंडीच्या सुळक्यावरूनच घेतला’ हा दावा इथे कुणीही सोडणार नाही. नवशिक्यांनी वाद घालू नये.

घोषणा केली की सुटलं, असं वाटणाऱ्यांनी शेजारच्या येवल्याला जाऊन यावं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. मधे एकवीस वर्षं आणि एक दिवस. त्या काळात, फेब्रुवारी १९३८मध्ये, ते इथे मनमाडलाच रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत म्हणून सांगत होते. सोडायचं काय, हे ज्याला पुरतं ठाऊक असतं त्याला विसरायची गरज पडत नाही. आपल्याला चार दिवसांत मोकळं व्हायचं असतं, आणि तेही कशातून?

तर पुतणीच्या लग्नातून. तुम्हाला टॉवेल-टोपी आणि साडूला पूर्ण पोशाख! आहेर करणारा वारला, पुतणीला नातवंडं झाली, तरी कपाटातल्या त्या टॉवेलची घडी तुम्ही मोडलेली नाही. या दुखण्यावर औषध मनमाडच्याच गुरुद्वाऱ्यात आहे. लंगरमध्ये मानाची पंगत नसते. साडू, व्याही, ट्रकचा क्लीनर, शिर्डीला निघालेलं कुटुंब, सगळे एकाच ओळीत जमिनीवर. पोळी दोन्ही हातांत घ्यावी लागते, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवायला हात मोकळा राहत नाही. आत जाताना डोकं मात्र झाकावं लागतं. तेव्हा येताना तो टॉवेल घेऊन या.