माझ्या थांबण्याच्या जागेत प्लॉट

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी माइकवरून मीच जाहीर करतो. शोकसभेत 'दोन शब्द' मीच बोलतो आणि लोक घड्याळाकडे बघतात ते भारावून, अशी माझी समजूत आहे. त्यामुळे मराठी भाषा गौरव दिनाला एका एफएम स्टेशनवरून बोलावणं आलं याचं मला नवल वाटलं नाही. इतक्या उशिरा आलं याचं वाटलं.

"सर, दोन गाण्यांमधली बोलण्याची लिंक नव्वद सेकंदांची आहे हं," आरजे म्हणाली. वयाने माझ्या भाचीएवढी. मी सातवाहनांच्या पैठणहून निघालो आणि एकनाथांच्या पैठणला पोचायच्या आत प्रोड्यूसरने काचेपलीकडून बोटांची कात्री दाखवली. म्हणजे मी अजून गावाची वेसही ओलांडली नव्हती!

तिथे सगळा भाव दहा सेकंदांवर. हे काही खासगीवाल्यांचंच खूळ नाही. विविध भारतीवर 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे, नागपूरला जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून सेकंद विकला जातोय. आमचं गाव त्याच्याही आधीचं रेडिओवालं. 1947 साली संस्थानांकडे जी पाच केंद्रं होती, त्यात म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोद्याच्या पंगतीला औरंगाबाद होतं. निजामाच्या राज्यात जन्मलो असतो तर मला एकनाथांपर्यंत जाऊ दिलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

पण खरी जादू इंट्रोची. गाणं सुरू झालं की गायकाने तोंड उघडेपर्यंतचे सेकंद स्क्रीनवर उलटे पळत असतात. तेवढ्यात ही मुलगी ऊन, जालना रोडची गर्दी, प्रायोजकाचं नाव आणि माझी पदवी सांगून मोकळी होते आणि तिचं शेवटचं अक्षर संपतं तिथेच गायकाचं पहिलं उमटतं. मी घरी सराव मांडला. शंकर-जयकिशनच्या ऐसपैस वाद्यमेळातही माझं "नमस्कार मंडळी" अंतऱ्यापर्यंत लांबायचं. नाट्यगीतांनी तर इज्जतच घेतली. ऑर्गनचा सूर लागतो न लागतो तोच नट सुरू. एकदा मी असाच श्वास घेत असताना बायको स्वयंपाकघरातून "चहा निवतोय" म्हणाली आणि तिच्या 'य'ला बरोबर लताबाई सुरू झाल्या. त्या दिवशी सराव बंद केला.

माझी लिंक वाजली तेव्हा ती चाळीस सेकंदांची होती. "सर, तुम्ही थांबता फार," आरजे म्हणाली. माझे विचारमग्न थांबे, माझे श्वास, सगळे तिने माऊसने उचलून टाकले होते. पाठोपाठ शेंद्र्याच्या प्लॉटची जाहिरात लागली. माझ्या थांबण्याच्या जागेतच तो प्लॉट पाडला असणार.

एक गोष्ट मात्र मी त्याच स्टुडिओत पाहिली. श्रोत्यांचे फोन थेट नसतात. गाणं वाजत असतानाच ते रेकॉर्ड होतात, छाटले जातात आणि मग 'लाइनवर आहेत' म्हणून लागतात. वाळूजच्या रात्रपाळीला निघालेला एकजण बोलत होता. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, तिला शुभेच्छा द्यायच्या होत्या. "बेटा, मी घरी नसलो तरी..." म्हणाला आणि पुढे शब्दच फुटेना. आरजेने त्याचं नाव-गाव छाटलं, खोकला छाटला, त्या थांब्यावर कर्सर नेला आणि हात मागे घेतला. प्रोड्यूसरने पुन्हा कात्री दाखवली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तिचा रागही आला आणि त्या माणसाचा हेवाही वाटला. माझा थांबा विद्वत्तेचा होता, तरी गेला.

आता तर रात्रीच्या वेळी स्टुडिओत संगणक एकटाच असतो. "जागे आहात ना?" हे दुपारीच, कधी तर दुसऱ्याच शहरात बसून विचारून ठेवलेलं असतं. याची मला मनापासून चीड येते. रात्रपाळीच्या माणसाने जागा आहे म्हणून सांगायचं कुणाला?

तेव्हा स्टेशनवाल्यांना विनंती एवढीच, की रात्री फोन उचलायला एक जिवंत माणूस ठेवा. कुणी मिळत नसेल तर मी रिकामाच आहे.