शिल्लक निरंक

ग्रामपंचायतीचा कारभार नोंदवह्यांच्या ३३ नमुन्यांवर चालतो. नमुना ५ म्हणजे रोकड वही, नमुना ८ म्हणजे कर आकारणी, नमुना ३३ म्हणजे गावातल्या झाडांची नोंद. सामान्य माणसाचा आठ नंबरशिवाय कशाशी संबंध येत नाही, आणि तोही कर्ज काढायची वेळ आली तरच. आमच्या धामणगाव बढे इथं मात्र पोराटोरांनाही नमुना १५ आणि नमुना १६ यांतला फरक सांगता येतो. पंधरा ही उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही. कागद, शाई, ब्लिचिंग पावडर, जे वापरलं की संपतं ते पंधरात. सोळा ही जड वस्तूंची. खुर्ची, टेबल, कपाट, जे एकदा आलं की निर्लेखनाचा ठराव होईपर्यंत हलत नाही ते सोळात. ही विद्या गावाला सचिवसाहेबांनी शिकवली. ग्रामसभेत नव्हे, लग्नाच्या पंगतीत.

आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिव म्हणतात. साहेबांनी मोताळा तालुक्यातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींची दप्तरं सांभाळली. ते निवृत्त झाले, नमुने मात्र निवृत्त झाले नाहीत. सेवापूर्तीच्या समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह मिळालं. भाषणाला उभे राहिले, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. साहेब म्हणाले, "श्रीफळ पंधरात, शाल सोळात. हे स्मृतिचिन्हही सोळातच, पन याचं निर्लेखन कसं करतात ते मले छत्तीस वर्षांत कळलं नाई." घरी जाऊन त्यांनी नारळ फोडला, खोबऱ्याची चटणी झाली, आणि साहेबांच्या आयुष्याला ध्येय सापडलं. इतःपर कोणालाही जे द्यायचं ते पंधरातलंच.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. गावातलं कोणतंही घर उघडून पाहा. वास्तुशांतीला आलेली सात घड्याळं सात भिंतींवर सात वेळा दाखवतात आणि घरधनी उठतो तो कोंबड्याच्या आरवण्यावर. फळीवर स्टीलचे डबे, प्रत्येकावर मशीननं कोरलेलं कुणाचं तरी नाव आणि खाली 'सप्रेम भेट'. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका जे वाण लुटतात, त्यातल्या प्लास्टिकच्या गाळण्या मोजायला वेगळा कारकून लागेल. लग्नात मिळालेले टोपी-दुपट्टे तर कोणाच्या डोक्यावर जायला जन्मालाच आलेले नाहीत. ते एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जातात, घडी न मोडता, आणि त्यांतले काही आपल्या पहिल्या मालकाकडे परत येऊन सेवा पूर्ण करतात.

"वस्तू देऊ नये मानसानं," साहेब समजावतात. "वस्तू घरात राहते, आन् आपलं नाव घेऊन राहते. उद्या भांडन झालं, तरी त्याले तुमच्याच डब्यातली साखर खा लागते. काऊन त्याचा जीव घेता?"

यावर कोणी म्हणालं, की हल्ली सत्काराला रोप देतात, ते तर चांगलं, तर साहेब हात जोडतात. "रोप म्हनजे नमुना ३३. त्याले पानी घालायले मानूस लागते. तुमी सत्कार केला का शिपायाची नेमनूक केली?"

त्यांचा आदर्श गाडगेबाबा. बाबांनी मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण जवळ बाळगलं एक गाडगं आणि एक खराटा. "बाबाचा नमुना सोळा दोन ओळीत खतम," असं साहेब म्हणतात, तेव्हा त्यांचा आवाज खरोखर हलतो. इतका भक्तिभाव त्यांना दुसऱ्या कोणत्याही दप्तराबद्दल वाटलेला आम्ही पाहिला नाही.

आता तत्त्व सोपं असलं, तरी अंमलबजावणी कठीण असते. साहेब दुकानातून बर्फीचा पुडा घेऊन निघणाऱ्यांपैकी नव्हेत. कोणाला, कधी, काय आणि किती, याचा ते अंदाजपत्रकासारखा विचार करतात. दिवाळीत ते कोणाकडे काही नेत नाहीत, कारण त्या दिवसांत प्रत्येक घरी चकलीला गिऱ्हाईक शोधत असतात. भाऊबीज होऊन दोन दिवस गेले, गोडानं तोंड मिटलं, की साहेब कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन दारात उभे. लोक अक्षरशः हातातून ओढून घेतात. थंडीत तुरीचे सोले, मग हुरडा, उन्हाळ्यात कुरडया, बिबड्या, शेवया. शेगावला गेले की कचोरी आणतात, पण ती संध्याकाळच्या आत वाटून संपली पाहिजे. त्यासाठी एसटीतून उतरल्यावर ते घरी न जाता थेट वाटपालाच लागतात.

गावातल्या प्रत्येकाची प्रकृती त्यांना तोंडपाठ आहे. याला शुगर, त्याला बीपी, अमक्याला मुतखडा, तमक्याच्या दाढा गेलेल्या. दाखवायला डॉक्टर वेगवेगळे असले तरी सगळ्यांची फाइल साहेबांकडे. शुगर असलेल्याला ते फुटाणे देतात, दाढा गेलेल्याला मऊ शेवया, आणि ज्याला काहीच चालत नाही त्याला घरच्या तुरीची डाळ, कारण वरण सगळ्यांना चालतं. लोक देवळात आरोग्य मागतात. आमच्या गावात काहीजण शुगरची गोष्ट साहेबांपासून लपवतात, पेढे बंद होतील म्हणून.

लग्नात त्यांचा आहेर वेगळा ओळखू येतो. मांडवात पाच किलो डाळीची पिशवी हातात घेऊन उभा असलेला मनुष्य म्हणजे साहेब. आहेर लिहिणारा वहीत पाकिटं मांडत असतो. साहेब त्याला विचारतात, "१९८५ च्या नियमाप्रमाने यादी करता ना?" तो बिचारा गोंधळतो. मग साहेब त्याला सांगतात की हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले आहेत, नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, खाली दोघांनी सही करायची. हे सगळं खरंच आहे. फक्त मांडवात, अक्षता सुरू असताना, नवरदेवाचा मामा रुसून बसलेला असताना, ते ऐकायला कोणी मोकळा नसतो. साहेब स्वतःच पेन काढून लिहितात, "तूर डाळ, पाच किलो." आणि शेरा मारतात, "अखेर शिल्लक: निरंक अपेक्षित."

हा शेरा हाच त्यांचा खरा रोग. वस्तू देणारा देऊन विसरतो. डाळ देणारे साहेब पंधरा दिवसांनी चौकशीला येतात. "संपली का?" रस्त्यात, पारावर, बँकेच्या रांगेत, एकदा तर तिरडी बांधली जात असताना हळूच कानात. नाही संपली म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडतो, जणू निधी अखर्चित राहून परत गेला. म्हणून लोक खोटं बोलतात. "हाव साहेब, कालच संपली." साहेब खुश होतात आणि आणखी घेऊन येतात. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी देणारा येऊन बघत नाही. साहेबांची शेवई तुम्हाला मार्च अखेरच्या आत खावीच लागते.

सगळं असलेल्या माणसाला काय द्यावं, ही परीक्षा एकदा आली. गावातला मुलगा पुण्याला इंजिनीअर, नव्या फ्लॅटची वास्तुशांती. त्याच्या घरात दाराची घंटाही मोबाइलवर वाजते. गावातले बाकीचे गणपतीची फ्रेम घेऊन निघाले. साहेबांनी भरताची वांगी घेतली, ती हिरवी, थोराड, जळगाव भागातली, ज्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत कांद्याची पात, लसूण, हिरव्या मिरच्या. आणि सोबत पऱ्हाटीच्या काड्यांची मोळी. कारण गॅसवर वांगं भाजतं, भरीत होत नाही, असं त्यांचं ठाम मत. ती मोळी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला गेली, लिफ्टमधून चौदाव्या मजल्यावर चढली, आणि सोसायटीच्या वॉचमननं आगीच्या नियमावर बोट ठेवून खाली उतरवली. नियम दाखवला म्हटल्यावर साहेब निमूटपणे खाली आले. शेवटी पार्किंगच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत वांगी भाजली गेली. धूर पाहून शेजारच्या इमारतीतले जळगाव, भुसावळ, मलकापूरकडचे लोक न बोलावता गोळा झाले. दोन वर्षं एकाच लिफ्टनं चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना एकमेकांची गावं त्या दिवशी कळली. इंजिनीअरला फ्रेमा कोणी दिल्या ते आज सांगता येणार नाही. भरीत कोणी आणलं ते सगळी सोसायटी सांगते. "संपनारी वस्तूच टिकते," असं साहेब तेव्हापासून म्हणू लागले. ते वाक्य ऐकायला बरं वाटतं म्हणून आम्ही त्याची फार तपासणी केली नाही.

खरी तपासणी घरातून झाली. साहेबांच्या हिशेबात दोन गफलती होत्या. पहिली डब्यांची. कुरडई संपते, डबा उरतो, आणि डबा नमुना १६ मध्ये. बरं, डबा रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही. कोणी त्यात लोणचं भरून पाठवतं, कोणी गूळ, कोणी नुसती मूठभर साखर. साहेबांनी गावभर जितकं वाटलं, तितकं गावानं त्यांच्या घरी भरलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बारा प्रकारची लोणची आहेत आणि खाणारी माणसं दोन.

दुसरी गफलत मोठी. ती काकूंची, म्हणजे साहेबांच्या बायकोची. ठेचा साहेब देत, कुटत काकू. शेवया साहेब वाटत, वळत काकू. उन्हाळ्यात गहू आधीपासून भिजवून, दळून, मग पहाटे चार वाजता चीक शिजवून, ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या, हे काम नमुना १ ते ३३ मध्ये कुठंही लिहिलेलं नाही. लग्नसराई आणि वाळवण नेमकं एकाच महिन्यात येतं, म्हणजे साहेबांच्या दातृत्वाचा बहर आणि काकूंच्या पाठीचं दुखणं एकाच वेळी. गाव म्हणे, "सचिवसाहेबांच्या हाताला काय चव आहे!" साहेब नम्रपणे मान लववत.

साहेबांचा अमृतमहोत्सव झाला, तेव्हा पत्रिकेवर छापलं होतं, "कृपया जड वस्तू आणू नयेत." गावानं सूड उगवावा तसं पाळलं. डाळ, गूळ, तेल, तांदूळ, केळ्यांचे घड. ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. सलूनवाल्यानं तर जाहीर केलं, "साहेबांची वर्षभराची दाढी माह्याकडून." साहेब भांबावले. दाढी उपभोग्य खरी, पण आठ दिवसांत साठा पुन्हा तेवढाच. शिल्लक निरंक होणार कशी? ते बराच वेळ हनुवटी चोळत बसले.

मग कोणीतरी काकूंना विचारलं, "काकू, तुमाले काय पाह्यजे?" इतक्या वर्षांत हा प्रश्न साहेबांच्या यादीत आला नव्हता. देण्यासाठी त्यांनी गाव धुंडाळलं होतं, घर सोडून. काकू म्हणाल्या, "मले काही खायले नको. नाव यायचं होते आन् हात माहे दुखतात. यंदाच्या उन्हाळ्यात मले काही लाटायचं नाई, वळायचं नाई, कुटायचं नाई. तेवढं द्या."

साहेबांनी मनातल्या मनात सगळे नमुने चाळले असावेत. कुठंच रकाना सापडला नाही. पण मागणी रास्त होती, आणि साक्षीला गाव होतं.

त्या उन्हाळ्यातल्या पहिल्याच लग्नात साहेब मांडवात आले ते रिकाम्या हातानं. आहेर लिहिणाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी खिशातून पाकीट काढलं. वर नाव होतं दोघांचं, त्यातही काकूंचं आधी. लिहिणाऱ्याचा पेन थांबला.

"साहेब, तुमी आन् पाकीट? डाळ नाई आनली? शेवया?"

"भांडारपाल रजेवर हाये," साहेब म्हणाले. "रजा अर्जित हाये, नामंजूर करायची आपली हिंमत नाई. लिही नमुना पाच."