मासा न मिळण्याची उत्तम सोय

मासे खाणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला पंचांग फारसं काही शिल्लक ठेवत नाही. श्रावण कसाबसा सोसावा तर गणपती येतात. त्यांच्यामागोमाग पितृपंधरवडा, आणि तो संपतो तोच घट बसतात. दसरा झाला म्हणून पिशवी घेऊन निघावं तर घरातून आवाज येतो, "आज गुरुवार आहे." सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि संकष्टी वजा जाता जे उरतं, त्यालाच आपल्याकडे शरद ऋतू म्हणत असावेत. आणि नेमकी याच दिवसांत कोकणातली खाडी अशी काही नटते, की तिच्याकडे पाठ फिरवून घरी साबुदाण्याची खिचडी खात बसणं अशक्य होतं.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती कर्लीची खाडी. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी. तिच्या एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. देवबागच्या टोकाला दोघं भेटतात, पलीकडच्या काठावर भोगवे. पावसाळ्यात हे पाणी तांबडं, गढूळ आणि घाईत असतं. आश्विनात गाळ खाली बसतो, समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर हळूहळू आत सरकू लागतं आणि त्याच्या मागून मासेही. जागोजागी पाणी एवढं उथळ की तळाशी तिरकी पळणारी कुर्ली वरून दिसावी.

अशा पाण्यात यांत्रिक होडीचं काही चालत नाही. चालतो तो कयाक. प्लास्टिकचा, लांबोळका, वीतभर पाण्यातही तरंगणारा. मूळचा हा उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचा. लाकडाच्या नि हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते तो बांधत आणि आवाज न करता सीलच्या अगदी जवळ जाऊन शिकार करत. त्यांच्या पोटापाण्याचं साधन आपण सुट्टीच्या दिवशी पोट सुटलेल्या अवस्थेत वापरतो, हा भाग वेगळा.

कयाकमध्ये बसणं म्हणजे पाण्यावर पाट मांडून बसणं. पुलावरून किंवा लाँचवरून खाडी हा देखावा असतो. इथे ती थेट कमरेशी असते. बगळा आपल्यापेक्षा उंच दिसतो आणि तसा तोही आपल्याकडे पाहतो. खंड्या डोक्यावरून सूर मारतो आणि पहिल्याच फटक्यात मासा घेऊन जातो. त्याच्याकडे रीळ नसते, कृत्रिम आमिषांची रंगीत पेटी नसते, काळा चष्माही नसतो. आपल्याकडे हे सगळं असतं. शिवाय ऑक्टोबरचं ऊन असतं. ते वरून तर भाजतंच, पण पाण्यावरून उसळून हनुवटीच्या खालूनही भाजतं. टोपीवाल्यांनी या दुसऱ्या सूर्याचा अजून विचार केलेला नाही.

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला निघायचं तर आधी पंचांग उघडावं लागतं. उपासाला जे वैरी वाटतं, तेच इथे कामाला येतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. कोकणातल्या म्हाताऱ्यांना हे गणित तोंडपाठ असतं. अडचण वेगळीच आहे. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, संथ, म्हणजे वल्हवणाऱ्याला सोयीचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त. आणि माशाला चालतं पाणीच लागतं. प्रवाहाबरोबर कोळंबी नि बारीक मासळी वाहत येते आणि मोठा मासा आडोशाला तोंड वासून उभा राहतो. थोडक्यात, माणसाची सोय ती माशाची गैरसोय.

त्यात वारे. शाळेत भूगोलाच्या पेपरात खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक दोन गुणांसाठी लिहिला होता. त्याची खरी किंमत इथे कळते. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून येतो आणि आपल्याला अगदी प्रेमाने समुद्राकडे ढकलतो. दुपारी खारा वारा सुटला की तोच कार्यक्रम उलट्या दिशेने. म्हणून शहाणा माणूस उजाडताना निघतो आणि ऊन चढायच्या आत काठाला लागतो.

आता मासे. पापलेट हा 2023 सालापासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, पण गळाला लागण्याची त्याला सवय नाही. तो पाण्यातले सूक्ष्म जीव आणि जेलीफिश खाऊन राहतो आणि जाळ्यातून बाजारात येतो. बोय मासे तर कयाकच्या आजूबाजूला चक्क उड्या मारतात. तेही गळाकडे ढुंकून पाहत नाहीत, कारण चिखलातलं शेवाळ त्यांना पुरतं. ज्याला कुणीही बोलावलेलं नसतं तो केंड मात्र वेळेवर हजर. चोचीसारख्या दातांनी तो रबरी आमिषाची शेपटी सफाईने कापून नेतो, आणि चुकून हाती आलाच तर पोट फुगवून आपल्यावरच रागावतो. तो खाण्याचं तर नावच नको, अंगात जालीम विष.

खरी वाट पाहायची ती तांबोशीची आणि जिताड्याची. ओहोटी लागलेली असते. कांदळाची मुळं पाण्यातून हळूहळू उघडी पडत असतात, त्यांवर कालवं चिकटलेली. मुळांच्या सावलीत आमिष टाकायचं, बुडू द्यायचं, हलका झटका, थांबायचं. पुन्हा झटका, पुन्हा थांबायचं. काही होत नाही. मग एकदम काठी वाकते, रीळ किंचाळते आणि कयाकचं नाक आपोआप झाडीकडे वळतं. इथे कोण कोणाला ओढतंय हे उघड असतं. तांबोशी सरळ मुळांत शिरते, दोरा कालवाच्या धारेवर घासतो, खर्रकन आवाज येतो आणि सगळं सैल पडतं. जमीन असती तर पाय आपटता आला असता. कयाकमध्ये तीही सोय नाही, उलटायची भीती.

कधी मासा हाती येतोही. मग त्याचं काय करायचं, यावर काठावरच्या एका आजोबांशी आमचा वाद आहे. ते पागाचं जाळं विणत बसलेले असतात. विचारतात, "गावलो काय रे झिला?"

"गावलो आबा. सोडलंय."

"सोडलंस? मगे धरलंस कित्याक?"

हा प्रश्न बिनतोड आहे. मी त्यांना समजावून सांगतो. खाडीतली तांबोशी बहुतेक वयाने कोवळी असते, मोठी होऊन ती समुद्रात जाते आणि तिथे अंडी घालते. म्हणून लहान सोडायची. जिताड्याचं उलट. तो आधी नर असतो आणि वय वाढलं की मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही आईच. म्हणून मोठा सोडायचा.

आजोबा शांतपणे ऐकून घेतात, विणकामातली गाठ ओढतात आणि म्हणतात, "ल्हान सोडूचो, मोठो सोडूचो, मगे खावचो खंयचो?"

मधला, असं उत्तर आहे. शास्त्रशुद्ध आहे. पण मध्यमवयीन मासा मध्यमवयीन माणसाला सहसा भेटत नाही. दोघांनाही आपापले व्याप असावेत.

आजोबांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. त्यांच्या घरात मासा हा रोजचा भात आहे, माझ्या घरात तो रविवारचा छंद. पोटासाठी गरवणाऱ्याला सोडण्याचं तत्त्वज्ञान शिकवायला जाऊ नये. पण ज्याच्या घरी डाळ शिजलेली आहे त्याने मासा सोडला तर कुणाचं काहीच बिघडत नाही. उलट, काही मिळवायचं नाही हे एकदा ठरलं की माणसाला खाडी नीट दिसू लागते. कुठल्या मुळाशी पाणी वळतं, कुठे वाळूची नवी दांडी पडली, वारा कधी फिरला, हे सगळं लक्षात येतं. ऑफिसच्या खुर्चीत बसून यातलं काहीही कळत नाही, आणि ती खुर्ची कयाकपेक्षा बरीच महाग असते.

तेव्हा जायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत जा. पहिल्यांदा जात असाल तर अष्टमीच्या आसपासचं पाणी धरा. जीवरक्षक जाकीट अंगात घाला, पाठीमागे बांधून ठेवू नका. निघण्याआधी काठावरच्या कोळ्याला विचारा, आणि तो "आज नको" म्हणाला तर का म्हणून विचारू नका. तुटलेला दोरा खिशात घालून परत आणा, पाण्यात सोडू नका. आणि घरून निघताना एक कापडी पिशवी बरोबर ठेवा. परतीच्या वाटेवर मालवणचा बाजार लागतो, तिथे मासे नक्की मिळतात.